फिरकी आणि फसवणूक

आपल्या मराठी भाषेत ‘फिरकी’ या शब्दास दोन अर्थ आहेत. चेंडूस दिलेली स्वतःभोवतीची गती ही एक फिरकी. आणि भोळ्या माणसास बनविणे, म्हणजे त्याची ‘फिरकी घेणे’, ही दुसरी. एकाच शब्दात हे दोन अर्थ शेजारी येऊन बसले, ते उगाच नसावे, असे आम्हांस गेली काही वर्षे वाटू लागले आहे. टेबल टेनिसच्या खेळात सर्व्हिस करताना चेंडूस फिरकी देण्यास आम्ही शिकलो आणि शिकता शिकता एका प्रश्नापाशी येऊन अडलो. जो खेळाडू हाताची एक हालचाल दाखवितो आणि चेंडूकडून दुसरेच काम करवून घेतो, त्यास कुशल म्हणावे की असत्याचरणी? प्रश्न खेळातला, म्हणून कोणी हसेल. परंतु ज्या घरात खरे बोलणे हे पूजेचेच एक अंग मानले जाते, त्या पुजाऱ्याच्या घरात आम्ही वाढलो. तेथे हा प्रश्न चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही. तो आपल्या सभासद कुटुंबांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुरार येथील आमच्या मंदिराच्या मागील दालनात, जेथे एरवी प्रसादाच्या पंगती बसतात तेथे, एका सभासदांनी दिलेले टेबल मांडलेले आहे. आमचे शिक्षण हायस्कुलापुरते झाले. ग्वाल्हेरात 1957 सालापासून शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था चालू आहे. परंतु तिच्या दारात विद्यार्थी म्हणून पाऊल टाकण्याचा योग आम्हांस आला नाही. आमचे गुरू म्हणजे छावणीत नोकरीस असलेले एक गृहस्थ. सायंकाळची आरती झाल्यावर ते येत, आरती घेत आणि मग बाह्या सरसावून बॅट हाती घेत.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हांस टेबलापाशी उभेच राहू दिले नाही. बॅटीची मूठ आम्ही सर्व बोटांनी आवळून धरली होती. ते म्हणाले, अशा मुठीत मनगट कैद होते. पाते अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरावयाचे, बाकीची तीन बोटे सैल सोडावयाची, म्हणजे मनगट मोकळे होते. दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. चेंडूवर बॅट आपटावयाची नाही, ती चेंडूस नुसती घासून न्यावयाची. चेंडू 40 मिलिमीटर व्यासाचा आणि वजनाने 2.7 ग्रॅम. त्याच्या खालच्या अंगास रबर घासून पुढे गेले, तर तो पुढे जाता जाता उलटा फिरतो. असा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बॅटीस लागला की खाली घसरून जाळीत जातो. वरच्या अंगास घासला तर उलट होते. चेंडू बॅटीवरून वर उसळतो आणि टेबलाबाहेर पडतो. बाजूस घासला तर बाजूस पळतो. चेंडू फिरतो की नाही हे कळावे म्हणून आम्ही त्याच्या मध्यावर तांबड्या शाईचा पट्टा ओढला होता. उलटी फिरकी खरोखर बसली की नाही, याची कसोटी अशी की सर्व्हिस हळू करावी आणि जाळीपलीकडे पडलेला चेंडू पुन्हा जाळीकडे परततो का ते पाहावे. आमचा चेंडू प्रथम परतला तो सुमारे दोन महिन्यांनी. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

त्यानंतर गुरूंनी शेवटचा पाठ दिला. हात तोच, वेग तोच, दिशा तीच ठेवावयाची. फक्त चेंडू पात्याच्या टोकापाशी न घेता मुठीपाशी घ्यावयाचा. मनगट फिरते तेव्हा पात्याचे टोक सर्वांत वेगाने जाते आणि मुठीजवळचा भाग मंद राहतो. म्हणून टोकापाशी घेतलेल्या चेंडूस भरपूर फिरकी मिळते आणि मुठीपाशी घेतलेल्यास जवळजवळ मिळत नाही. समोरच्यास मात्र दोन्ही वेळा हात सारखाच दिसतो. तो फिरकी समजून बॅट उघडी धरतो आणि बिनफिरकीचा चेंडू हवेत उंच उठतो. मग त्यावर हवा तसा फटका मारावा.

आम्ही ही युक्ती मोठ्या हौसेने तीर्थरूपांस सांगितली. ते फुलांची परडी निवडीत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे दाखवतोस एक आणि करतोस दुसरे?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

उत्तर शोधण्यासाठी आम्ही प्रथम आपल्याच मैदानी खेळांकडे पाहिले. कुस्तीत पहिलवान पायाकडे झेप घेतल्याची हूल देतो आणि मानेवर हात टाकतो. खोखोत पळणारा गडी डावीकडे जाण्याची हूल देऊन उजवीकडे निसटतो. त्यास कोणी लबाड म्हणत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु त्याच खोखोत पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्यास नुसता स्पर्श करून चालत नाही. ‘खो’ हा शब्द मोठ्याने उच्चारावा लागतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याने दम घुमवावयाचा तो पंचास ऐकू जाईल असा. म्हणजे आपल्या खेळांनी हूल मान्य केली, पण काही गोष्टी उघड्यावर, सर्वांच्या कानांवर पडतील अशाच झाल्या पाहिजेत, असेही ठरविले. हूल कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, ती रेषा याच दोहोंमध्ये कोठेतरी असली पाहिजे.

टेबल टेनिसचा इतिहास पाहिला तर हीच रेषा शोधण्याचा तो एक दीर्घ प्रयत्न आहे, असे दिसून येते. 1937 साली ऑस्ट्रियातील बाडेन येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे अमेरिकन खेळाडू चेंडू हातातून सोडतानाच बोटांनी पिळून त्यास फिरकी देत. ती फिरकी मुठीत, दृष्टीआड जन्म घेई. समोरच्यास ती ओळखणे अशक्यप्राय होई. अशा सर्व्हिसवर पुढे बंदी आली. आज चेंडू उघड्या, सपाट तळहातावर ठेवून फिरकी न देता सरळ वर उडवावा लागतो, तो याच कारणाने. उडविण्याची उंची किमान 16 सेंटिमीटर, म्हणजे 15.25 सेंटिमीटर उंचीच्या जाळीहून किंचित अधिक. आणि चेंडू खाली येऊ लागल्यावरच मारावयाचा.

पुढची घटना आपल्या मुंबईतली. 1952 साली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा मुंबईस भरली. आशिया खंडात ती प्रथमच भरत होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. त्या काळच्या दाणेदार रबराच्या बॅटीवर चेंडू टकटक वाजे, आणि त्या आवाजावरून अनुभवी खेळाडू फटक्याचा अंदाज बांधीत. सातोच्या बॅटीवर तो आवाजच मावळला. भलेभले गोंधळले आणि सातो पुरुष एकेरीचा अजिंक्यवीर झाला. त्याने काही लपविले होते काय? नाही. बॅट सर्वांसमोर होती आणि नियम तिच्या आड येत नव्हता. 1959 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅटीच्या आवरणांचे नियम ठरविले. नुसता स्पंज बाद झाला आणि स्पंजावर रबर बसविलेले, एकूण 4 मिलिमीटरपर्यंत जाडीचे आवरण मान्य झाले. सातोस मात्र कोणी दोषी म्हटले नाही, आणि ते योग्यच होय. नवी वस्तू आणणे निराळे आणि असलेली वस्तू झाकणे निराळे.

झाकण्याचा प्रकार पुढे आला. बॅटीच्या दोन बाजूंस दोन भिन्न गुणांची, पण एकाच रंगाची रबरे लावावयाची आणि खेळता खेळता बॅट हातात फिरवावयाची. कोणत्या बाजूने चेंडू आला हे समोरच्यास कळूच नये. 1986 पासून एक बाजू काळी व दुसरी तांबडी असावी, असा नियम झाला. आता तांबड्याच्या जागी दुसरे काही उजळ रंगही चालतात, परंतु दोन्ही बाजू एकसारख्या चालत नाहीत. शिवाय सामन्यापूर्वी आपली बॅट प्रतिस्पर्ध्यास आणि पंचास तपासू द्यावी लागते. म्हणूनच मनिका बात्रा लांब दाण्यांचे विचित्र रबर वापरतात, त्यात अन्याय नाही. ते रबर सर्वांस ठाऊक असते. 2018 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ज्या भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले, त्यात त्यांच्याबरोबर आपल्या ठाण्याच्या मधुरिका पाटकर होत्या, हे वाचकांस स्मरत असेल.

शेवटी 2002 साली सर्व्हिसच लपविण्यावर नियमाने हात घातला. तोवर अनेक खेळाडू चेंडू उडविल्यावर मोकळा हात किंवा खांदा मध्ये आणीत. बॅट चेंडूस कोठे लागली ते समोरच्यास दिसतच नसे. आता चेंडू उडविताच मोकळा हात बाजूस घ्यावा लागतो, आणि चेंडू क्षणभरही समोरच्याच्या दृष्टीआड होऊ द्यावयाचा नाही.

या सर्व नियमांचा रोख एकच आहे. फिरकी कोणी बंद केली नाही. एकाच हाताने दोन प्रकारची सर्व्हिस करणेही बंद केले नाही. बंद केले ते पाहण्याचा मार्ग अडविणे. ज्यास डोळे आहेत आणि अभ्यास आहे, त्यास बॅटीचा स्पर्श टोकापाशी झाला की मुठीपाशी, हे पाहून ओळखता येते. न ओळखल्यास तो त्याच्या अभ्यासाचा कमीपणा. त्यात आपला अधर्म नाही. परंतु पाहण्याचा त्याचा हक्कच आपण हिरावून घेतला, तर त्याच्या अभ्यासास अर्थ उरत नाही. तीर्थरूपांस द्यावयाचे उत्तर आम्हांस सापडले असे वाटले. ‘बाबा, मी दाखवतो एक आणि करतो दुसरे, असे नाही; मी करतो ते सर्व दाखवतो, फक्त ते वाचणे सोपे ठेवत नाही.’

उत्तर चांगले होते. ते देण्याचा अधिकार मात्र आम्ही आधीच गमावलेला होता, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

मागील एका गणेशोत्सवात मंदिराच्या दालनात स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात आमच्यासमोर पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्यास बॅट धरण्यास आम्हीच शिकविले होते. शेवटच्या डावात दोघांचे 9-9 गुण झाले आणि सर्व्हिसची पाळी आमची आली. दोन सर्व्हिस आणि दोनच गुण हवे होते. दालन माणसांनी भरले होते. पंच म्हणून बसलेले काका गुणांची पाटी सांभाळण्यात गुंतले होते. आम्ही चेंडू उडविला आणि डावा हात छातीसमोर तसाच राहू दिला. तो चुकून राहिला, असे आम्ही पुढे काही दिवस स्वतःस सांगत होतो. दुसऱ्या सर्व्हिसलाही तो तसाच राहिला. चुका दोनदा एकाच जागी बसत नाहीत. मुलाने दोन्ही चेंडू जाळीत घातले. टाळ्या झाल्या, आम्हांस पितळेचा चषक मिळाला.

प्रसाद घेताना तो मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “दादा, ती सर्व्हिस कोणती होती? मला चेंडू दिसलाच नाही. माझं लक्ष नव्हतं बहुतेक.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आमच्या लबाडीचा दोष त्याने स्वतःच्या डोळ्यांवर घेतला होता, हे आमच्या मनास फार लागले. लपविणाऱ्याचे पाप गुण चोरण्यापाशी थांबत नाही; समोरच्यास तो स्वतःविषयीच संशयी करून सोडतो.

तीन दिवसांनी आम्ही हे तीर्थरूपांस सांगितले. ते रागावतील, अशी आमची समजूत होती. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, “मी दानपेटी उघडतो तेव्हा दोन सभासदांना समोर बसवतो. एकट्याने उघडली तर पैसे काही कमी निघणार नाहीत. पण मग ज्यांनी टाकले त्यांनी काय करायचं? नुसता विश्वास ठेवायचा? त्यांना दिसेल असं करणं हे माझं काम आहे, त्यांचं नाही.”

त्यांनी टेबल टेनिसचे नियम कधी वाचले नाहीत. परंतु त्या नियमांत जवळजवळ हेच वाक्य आहे. सर्व्हिस नियमास धरून आहे, हे पंचाची खात्री पटेल अशा रीतीने करणे ही जबाबदारी खेळाडूची, असे तेथे सांगितले आहे. पंचाने पकडले नाही म्हणून सर्व्हिस शुद्ध ठरते, असे नाही.

यावर कोणी विचारील की, मग गाभाऱ्यात नैवेद्याच्या वेळी पडदा ओढतात, तेही लपविणेच की नाही? आम्हांस तसे वाटत नाही. तो पडदा का ओढला हे सर्वांस ठाऊक असते, आणि त्याने कोणाचे काही हिरावले जात नाही. पाहण्याचा हक्क कोणाचा आहे आणि झाकल्याने कोणाचे नुकसान होते, हे विचारल्यावाचून निवाडा करू नये.

आता आमच्या उत्तरातील उणीवही सांगितली पाहिजे. ‘सर्व दाखविले म्हणजे झाले’ हा नियम टेबलाभोवती पुरतो. बाहेर तो पुरत नाही. महाभारतात द्रोणाचार्यांचा वध ज्या प्रसंगाने झाला तो आठवावा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. द्रोणांनी युधिष्ठिरास विचारले, कारण तो असत्य बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने हत्तीचा उल्लेख केला, पण हळू केला. शब्द उच्चारले गेले होते, पोहोचले नव्हते. तोवर भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्यानंतर भूमीस टेकला, असे सांगतात. द्रोण तेथे युधिष्ठिराच्या वाणीची फिरकी ओळखण्याची परीक्षा देण्यास आले नव्हते. ते विश्वासाने विचारावयास आले होते.

भेद येथे आहे. टेबलापलीकडचा प्रतिस्पर्धी आपल्या फिरकीची परीक्षा घेण्यासाठी स्वखुशीने बॅट घेऊन उभा असतो; वाचणे अवघड करणे हा तेथे उभयतांनी मान्य केलेला करार आहे. परंतु मंदिरात येणारे यजमान असा करार करून येत नाहीत. एखाद्या वृद्ध आजी शांतीचा खर्च विचारतात. आम्ही पोथीतील दहा नावे भराभर म्हणून दाखविली आणि शेवटी आकडा सांगितला, तर सर्व सांगितले असे होईल. तरीही ती सर्व्हिस डावा हात आड धरूनच केलेली ठरेल. दुकानदाराचा तराजू गिऱ्हाइकासमोर असतो एवढ्याने भागत नाही. काटा गिऱ्हाइकास वाचता येईल अशा बाजूस वळविलेला असावा लागतो. जेथे समोरचा खेळावयास आलेला नाही, तेथे नुसते दाखविणे पुरत नाही, तर समजेल असे दाखविणे हे आपले कर्तव्य होते. पुढे आम्हांस तीर्थरूपांच्या आसनावर बसावयाचे आहे. म्हणून हा भेद आम्ही विशेष जपून ठेवला आहे.

त्या मुलाकडे आम्ही त्याच सायंकाळी गेलो आणि घडले ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आम्ही उत्सव समितीकडे गेलो. त्यांनी आमचे ऐकून घेतले, परंतु पंचांनी दिलेला निकाल आता बदलता येणार नाही, असे सांगितले. त्यांचे म्हणणेही गैर नव्हते. चषकावर आमचे नाव कोरून झाले आहे आणि तो मंदिराच्या कपाटात आहे. दर्शनास येणारी मुले काचेतून ते नाव वाचतात. कबुली दिल्याने मन हलके होते असे लोक म्हणतात. आमचे थोडेच झाले. त्या सामन्यातील तो क्षण त्या मुलास परत देणे आमच्या हाती उरलेले नाही.

जे हाती होते ते केले. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर त्यास टेबलाच्या आपल्या बाजूस, अगदी खांद्यापाशी उभे केले आणि चेंडू पात्यास कोठे लागतो ते सावकाश दाखविले; टोकापाशी, मग मुठीपाशी, पुन्हा टोकापाशी. चेंडूवर पूर्वीसारखा तांबडा पट्टा ओढला. आठवड्याभरात तो ओळखू लागला. आता आमच्या दहा सर्व्हिसपैकी सात तो सहज परतवितो, आणि आम्ही त्याच्याशी वारंवार हरतो. हात आड न धरता हरलेला डाव घरी नेण्यास जड होत नाही, एवढा अनुभव आम्ही नमूद करतो.

ज्या सभासदांची मुले दालनात खेळावयास येतात, त्यांस एकच विनंती. मुलांस फिरकी जरूर शिकू द्यावी. ती मनगटाची आणि बुद्धीचीही साधना आहे. फक्त चेंडू वर उडाला की दुसरा हात कोठे जातो, तिकडे घरातील वडीलधाऱ्यांनी अधूनमधून लक्ष ठेवावे. आमच्याही हाताकडे ठेवावे. इत्यलम्.